मनी प्लांटची वेल कधी कापावी, कुठे कापावी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हाला दिसेल. मडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बाल्कनीतल्या कुंडीतली मनी प्लांटची वेल ग्रिलवरून ८-९ फूट गेली आहे, पण पानं फक्त टोकाकडे. कुंडीपासून ४ फुटांपर्यंत नुसती उघडी दोरी. "पावसात काहीही खोचा, रुजतं" असं शेजारच्या आजींनी सांगितलं म्हणून जुलैत तुम्ही १० तुकडे केले, ४ बाटलीत ठेवले, ६ कुंडीत लावले. जगले दोनच. बाकीचे खालून काळे पडून गेले. मैत्रिणीने दिलेलं होया नावाच्या वेलीचं बदामी पान मात्र वर्षभर कुंडीत हिरवंगार उभं आहे आणि वाढायचं नाव घेत नाही. आता वेल नेमकी कोणत्या महिन्यात कापायची, आणि कापून उरलेल्या वेलीचं काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

फोंडा तालुक्यात आमच्या घरामागे माझी छोटी नर्सरी आहे, २२ वर्षं झाली. सासरचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, असल्यामुळे कटिंगचं काम मी शिकले ते मिरवेलीवर (काळ्या मिरीच्या वेलीवर), सासूबाईंच्या हाताखाली. घरात ठेवायच्या वेली मागाहून आल्या. पण मिरवेल काय, मनी प्लांट काय, दोन्ही झाडावर चढणाऱ्या, गाठीगाठीला मुळं सोडणाऱ्या. एकीवर शिकलेलं दुसरीला बरंच लागू पडतं, म्हणून उत्तरात मिरवेल मधे मधे येईल.

तुम्ही महिना विचारलात. मला वाटतं, तुमचे ८ तुकडे गेले त्यात महिन्याचा वाटा आहे, पण सगळा दोष महिन्याचा नाही. वेल कुठे कापली, तुकड्याला हवा मिळाली का, आणि मूळ वेल कापायच्या वेळी जोमात होती का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यातलं काही तुमच्या बाल्कनीवर अवलंबून आहे आणि ती मी पाहिलेली नाही. बाल्कनी पश्चिमेला असेल तर जून-जुलैत पावसाची झड सरळ कुंडीवर येते. पूर्वेला असेल तर तितकी येत नाही. कुंडीखाली बशी असेल तर पाणी साचतं. ग्रिलला हिरवी जाळी लावली असेल तर पावसाळ्यातला आधीच कमी उजेड आणखी कमी होतो. तेव्हा मी सांगते ते तुमच्या जागेला ताडून बघा.

आजींना चूक म्हणू नका. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं तेच सांगितलं. मिरग लागला, पहिले दोन-चार पाऊस झाले की आमच्याकडेही कुंपणाला खोचलेली ग्लिरिसिडियाची काठी फुटते, जास्वंद फुटते, पोफळीच्या बुंध्याशी लावलेली मिरवेल धरते. पण ती उघड्या जमिनीत. आपली तांबडी चिऱ्याची जमीन उताराची असली तर पाणी धरून बसत नाही. पाऊस थांबला की तासाभरात वरचा थर मोकळा होतो आणि मातीत हवा शिरते. प्लास्टिकच्या ६ इंची कुंडीत, त्यात गच्च दाबलेल्या मातीत, जुलैचं पाणी जायला वाट कुठे आहे? दिसायला दोन्हीकडे "पावसात लावलं", पण तुकड्याच्या खालच्या टोकाला मिळालेली परिस्थिती अगदी वेगळी.

तुकड्याच्या आत काय चालतं ते थोडं सांगते. वेलीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते वेलीतून खाली उतरत राहतं. वेल कापली की ते कापलेल्या टोकाशी येऊन तुंबतं, आणि जवळच्या गाठीतल्या पेशींना मुळं काढायचा इशारा मिळतो. पण नुसत्या इशाऱ्याने मूळ होत नाही. मूळ घडवायला साखर लागते, ती पान उजेडात तयार करतं. आणि ती साखर वापरायला प्राणवायू लागतो, तो खालच्या टोकाला मातीतल्या किंवा पाण्यातल्या हवेतूनच मिळतो. जुलैत आपल्याकडे दिवसचे दिवस आभाळ भरलेलं, म्हणजे साखर कमी. माती पाण्याने तुडुंब, म्हणजे प्राणवायू कमी. त्या अवस्थेत तुकडा तग धरतो न धरतो तोच ओल्या मातीतली बुरशी कापलेल्या जागेतून आत शिरते. मूळ फुटणं आणि कूज लागणं यांची ही शर्यत असते, आणि तुमच्या कुंडीत कूज पुढे गेली.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. नर्सरी सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एका मोठ्या मागणीसाठी मी जुलैत मनी प्लांटचे जवळजवळ २०० तुकडे ट्रेमध्ये लावले आणि पडवीच्या कडेला मांडले. पागोळ्यांचं पाणी थेट ट्रेवर पडत होतं ते पहिले चार दिवस लक्षातच आलं नाही. दहाव्या दिवशी एक तुकडा उपसून पाहिला तर बोटांत नुसती साल निसटून आली, आतला तंतू दोऱ्यासारखा उघडा, आणि नासक्या बटाट्याचा वास. त्या ट्रेमधले ३० देखील वाचले नाहीत. त्याच दिवशी लावलेले, पण आत कौलांखाली, काचेच्या कौलाच्या उजेडात ठेवलेले ४० तुकडे मात्र सगळे रुजले. महिना एकच, वेल एकच, माती एकच. फरक पाण्याचा आणि उजेडाचा.

म्हणून मी महिन्याआधी वेलीचा शेंडा बघते. मनी प्लांटच्या टोकाला नवीन पान सुरळी होऊन येतं, विड्याचं पान गुंडाळावं तसं. ती सुरळी ताजी पोपटी आणि टणक असेल, तिच्या मागचं पान नुकतंच उघडलेलं आणि अजून मऊ असेल, तर वेल चालू आहे, कापायला हरकत नाही. शेंडा महिनाभर जिथल्या तिथे असेल, सुरळीची कड तपकिरी असेल, किंवा नवं पान मागच्या पानापेक्षा लहान होत चाललं असेल, तर वेल थांबलेली आहे. तिला आधी उजेडाकडे सरकवा, वरची इंचभर माती काढून शेणखत किंवा गांडूळखत घाला, आणि ३-४ आठवडे द्या. उपाशी वेलीच्या तुकड्यात साठा नसतो. तो मूळ कशाच्या जोरावर काढणार?

आता महिने. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कडाक्याची थंडी आपल्याकडे नाही, त्यामुळे थंड प्रदेशातल्या लोकांचे "वसंतातच कापा" असले नियम आपल्याला तंतोतंत लागत नाहीत. घरातल्या वेलींसाठी माझा सगळ्यात आवडता काळ म्हणजे चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यापासून दिवाळीपर्यंत. पावसाचा जोर ओसरलेला, हवेत ओल भरपूर, ऊन परत आलेलं. तुकड्याचं पान सुकत नाही आणि खाली सडतही नाही. दुसरा काळ शिगम्याच्या आसपास, फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. तेव्हा उकाडा वाढू लागतो आणि वेली जोरात सुटतात, पण हवा कोरडी असली तर तुकड्यांवर पिशवीचं छप्पर करावं लागतं. मेमध्ये चालतं, सावली मात्र हवी. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा येतो, मुळं येतात पण दुप्पट दिवस घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये घरात, छपराखाली, उजेडाच्या खिडकीत जमतं. उघड्या बाल्कनीत मी तरी करत नाही.

मिरवेलीचं वेळापत्रक वेगळं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिचे तुकडे आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये करतो, म्हणजे दीड-दोन महिन्यांत मुळं धरून रोप मिरगाला जमिनीत लावायला तयार असतं. म्हणजे पावसात लावायचं ते रोप. तुकडा त्याच्या कितीतरी आधी कापलेला असतो. आजींनी पाहिलेल्या कितीतरी "पावसात लावलेल्या" वेली अशा आधीच रुजवलेल्या असणार.

कुठे कापायचं हे मात्र मी कितीही वेळा सांगेन, कारण लोक इथेच चुकतात. वेल हातात घ्या आणि अंगठा तिच्यावरून हळू फिरवत जा. मधला भाग गुळगुळीत लागतो, मग एक फुगीर कडं लागतं, ती गाठ. पानाचा देठ तिथूनच निघालेला असतो. देठाच्या बगलेत नीट पाहिलंत तर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा दिसेल, तो डोळा. पुढची वेल त्यातून येणार. आणि गाठीपाशीच, बहुधा पानाच्या विरुद्ध बाजूला, तपकिरी रंगाचं बोथट नाक पुढे आलेलं असेल, कधी मोहरीएवढं, कधी अर्ध्या इंचाचं. ते हवेतलं मूळ. पाणी मिळालं की पांढरं टोक बहुतेक वेळा यातूनच बाहेर येतं. दोन गाठींमधल्या गुळगुळीत पेरातून मनी प्लांटला ना डोळा फुटतो, ना धड मूळ. त्यामुळे सुरी गाठीच्या खाली एक-दीड सेंटिमीटरवर चालवायची आणि वरच्या बाजूला पुढच्या गाठीच्या थोडं अलीकडे. एक गाठ आणि एक पान एवढा तुकडा पुरतो. नवशिक्याने दोन गाठींचा घ्यावा, म्हणजे एक पाण्यात किंवा मातीत आणि एक वर. तुमच्या बाटलीतल्या चारांपैकी दोन तुकड्यांची गाठ पाण्याच्या वर होती, पेराचं टोक तेवढं बुडालेलं होतं, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. ते दोन तरी जुलै नसता तरी रुजले नसते.

खाली पेराचा लांब शेपटा ठेवू नका, कूज तिथूनच सुरू होते. पाण्यात किंवा मातीत बुडेल ते पान काढून टाका. सुरी किंवा ब्लेड धारदार हवं, कात्री बोथट असेल तर ती वेल चेपते आणि चेपलेली जागा नासते. आधी स्पिरिटने पुसा. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम ही सगळी अळवाच्या कुळातली. चिकात अळू-सुरणासारखेच खाजरे सुयांचे स्फटिक असतात. हात लगेच धुवा, डोळ्यांना लावू नका, आणि कापलेले तुकडे लहान मुलं किंवा मांजर चावणार नाही असे ठेवा.

आता तुमच्या त्या ४ फूट उघड्या दोरीबद्दल. लोक ती फेकून देतात, आणि मला फार वाईट वाटतं. पान गळलं तरी डोळा मेलेला नसतो. त्या ४ फुटांत १२-१५ गाठी सहज निघतील. वेल हिरवी आणि टणक असेल तर एकेका गाठीचे तुकडे करा आणि ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आडवे अंथरा, अर्धा तुकडा आत, अर्धा वर, डोळा आकाशाकडे. मुळं आधी येतात, डोळा सावकाश, महिना-दीड महिना लागतो. उभे लावणार असाल तर वरचं-खालचं टोक उलटं होऊ देऊ नका, उलट लावलेला तुकडा सहसा जगत नाही. सासूबाईंची यावर एक युक्ती होती: मिरवेलीचा तुकडा करताना खालचा काप तिरपा, वरचा सरळ. मग टोपलीत १०० तुकडे एकत्र झाले तरी गोंधळ होत नाही. मी आजही तसंच करते.

वेलीचा कोणता भाग घेता त्यावर पुढचं झाड ठरतं, हेही मिरवेलीनेच मला शिकवलं. तिच्या बुडातून जमिनीवर धावणाऱ्या ज्या फांद्या येतात त्यांचे तुकडे लावले तर नवी मिरवेल पोफळीवर चढते. त्या फांद्या जमिनीत रुजून वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही त्या खुंटीला गुंडाळून ठेवतो, आणि कापताना अगदी कोवळा शेंडा आणि अगदी जून बूड सोडून मधला भाग घेतो. पण मिरीचे घोस धरणारी आडवी फांदी लावलीत तर चढणारी वेल मिळत नाही, कुंडीत मावणारं झुडूप होतं. फ्लॅटमध्ये मिरी हवी असेल तर तेच हवं. झाड तेच, फांदी वेगळी. बी लावून पन्नियूर-१ सारखी संकरित जात जशीच्या तशी मिळत नाही, म्हणून मिरीत तुकड्यांवरच सगळा भर.

मनी प्लांटमध्ये तर बियांचा प्रश्नच येत नाही. ही वेल मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरची. तिला फूल जवळजवळ येतच नाही, कारण फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तिला पुरेसं तयार करता येत नाही, असं २०१६ साली संशोधकांना आढळलं. म्हणजे मडगावातली तुमची वेल, माझ्या पडवीतली आणि कुणाच्या परसात माडावर चढून हातभर रुंद पानं काढणारी, सगळ्या तुकड्याचा तुकडा, त्याचा तुकडा अशा हातोहात आल्या आहेत. रेषा-ठिपके असलेली जात असेल तर म्हणूनच निवड करून कापा: ज्या गाठीच्या पानावर पांढरं-पिवळं भरपूर आहे आणि वेलीच्या सालीवरही त्या रंगाची रेघ आहे, ती घ्या. नुसत्या हिरव्या फांदीचा तुकडा बहुधा हिरवाच राहतो. पूर्ण पांढऱ्या पानाचाही घेऊ नका, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही.

होयाच्या पानाचं कोडं आता सुटलं असेल. नुसतं पान म्हणजे डोळा नसलेला तुकडा. पानाच्या देठाला मुळं येतात, पान जिवंत राहतं, वर्षंच्या वर्षं हिरवं दिसतं, पण वेल ज्यातून यायची तो डोळाच त्यात नाही. मनी प्लांटच्या सुट्या पानाचंही असंच होतं. तुमच्या पानाच्या तळाशी वेलीचा छोटासा तुकडा चुकून आलेला असेल तर आशा आहे. नसेल तर मैत्रिणीकडून दोन गाठींची फांदी मागून घ्या. होया कापल्यावर दुधासारखा चीक येतो. तो वाहू द्या, पुसा, तुकडा सावलीत काही तास ठेवून काप वाळू द्या आणि मगच लावा. पान जाड असल्यामुळे तो तेवढ्याने सुकत नाही. होयाला ४ ते ६ आठवडे लागतात, मनी प्लांटला उबेत १०-१५ दिवसांत पाण्यात मूळ दिसतं, सिंगोनियम त्याहून घाईचं. मुळं आली का ते बघायला रोज उपटून पाहू नका, कोवळी टोकं तुटतात.

एक मिनिट थांबून इथपर्यंतचं धरून ठेवा: वेल वाढती हवी, तुकड्याला गाठ हवी, पानाला उजेड हवा, खालच्या टोकाला ओल आणि हवा दोन्ही हवीत. पुढचं सगळं यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे.

पाणी की माती, हे तुमच्या सवयीवर ठरवा. पाण्यात मूळ दिसतं, म्हणून नवशिक्याला धीर येतो. अर्ध्या वीतभर उंचीची बाटली घ्या, गडद रंगाची मिळाली तर शेवाळ कमी धरतं. गाठ बुडेल इतकंच पाणी. कोमट साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ३-४ दिवसांनी पाणी बदला, बाटली आतून घासा. याला आणखी एक कारण आहे. डेंगीचे डास घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंडीखालच्या बश्या ही त्यांची ठरलेली जागा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी काचेला चिकटलेली असतात, घासावंच लागतं. यात हयगय करू नका.

पाण्यातलं मूळ मातीत नेताना बरेच तुकडे कोमेजतात. पाण्यात वाढलेलं मूळ पाण्यालाच सरावलेलं असतं. ते हातभर लांब होऊ देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटर झालं, त्याला बारीक फाटे फुटू लागले की मातीत हलवा आणि पहिले ८-१० दिवस माती नेहमीपेक्षा जास्त ओलसर ठेवा, मग हळूहळू कमी करा.

मी स्वतः सरळ मातीतच लावते, पण "माती" म्हणजे बागेतली माती नाही. अर्धं कोकोपीट, पाव भाग जाडसर नदीची वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा अर्धवट जळलेलं भाताचं तूस. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, इतपत. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी घालू नका, मीठ राहतं. कोकोपीटचंही तेच. काही वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाल्या म्हणून मी एका विक्रेत्याकडून कोकोपीटच्या दाबलेल्या १० विटा घेतल्या आणि न धुता वापरल्या. तीन आठवड्यांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, मुळांची टोकं तपकिरी पडली. पाण्यात भिजवून वरचं पाणी जिभेवर ठेवलं तर स्पष्ट खारट. तेव्हापासून कुठलीही वीट असो, दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घेते, मगच वापरते.

छोटी कुंडी किंवा तळाला भोकं पाडलेला दह्याचा डबा, खाली बशी नाही. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात वरून पातळ पारदर्शक पिशवी घाला, दिवसातून एकदा उघडून हवा द्या. पावसाळ्यात पिशवीची गरज नाही, उलट बुरशी वाढते. जागा अशी की वर्तमानपत्र दिवा न लावता वाचता येईल, पण दुपारचं ऊन पानावर पडणार नाही. रूटिंग पावडरमध्ये बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, ते त्याच ऑक्सिनच्या जातीचं. होयाला आणि जून फांद्यांना उपयोग होतो. मनी प्लांटला तिची गरज मला कधी लागली नाही. हळद, मध लावून पाहिलं आहे. नुकसान झालं नाही, मुळं लवकर आली असंही दिसलं नाही.

आता मूळ कुंडी. शेंडा जोवर आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. मातीपासून २-३ गाठी ठेवून वेल कापलीत की ते डोळे जागे होतात आणि एकाऐवजी दोन-तीन फांद्या येतात. पण एवढ्याने कुंडी भरत नाही. नर्सरीतली लटकती कुंडी गच्च दिसते कारण तिच्यात ८-१० तुकडे एकत्र लावलेले असतात. एका वेलीची ती किमया नसते. तुमचे रुजलेले तुकडे नव्या कुंड्यांत वाटण्याआधी ५-६ त्याच कुंडीत परत लावा. कापायला मन धजत नसेल तर आणखी एक रस्ता आहे, दाब कलम: उघडी वेल कुंडीतच गोल फिरवून मातीवर बसवा, गाठीगाठीवर केसांच्या पिनेने दाबा, आणि वेल न तोडता रुजू द्या. मूळ वेल पोसत राहते म्हणून सडायची भीती फार कमी. मुळं धरल्यावर हवं तर मधे कापा. वयस्कर गिऱ्हाइकांना मी हेच सुचवते.

तुमच्या हाती आता साधारण ६ फूट वेल उरली असेल आणि ऑगस्ट संपत आला आहे. घाई करू नका. या आठवड्यात बशी काढा, कुंडीचं भोक काडीने मोकळं करा, वरच्या मातीत मूठभर गांडूळखत मिसळा आणि कुंडी झडीपासून आत, उजेडाला घ्या. जे दोन तुकडे जगले त्यांना हलवू नका. चवथीची गडबड आटपू द्या. तोवर सकाळचं ऊन बाल्कनीत यायला लागलं असेल. शेंड्याला ताजी सुरळी दिसली की एका सकाळी बसा आणि निम्म्याच वेलीचे तुकडे करा. निम्मी तशीच राहू द्या, म्हणजे पहिल्या खेपेला काही चुकलं तरी दुसऱ्यांदा कापायला वेल शिल्लक राहील. पहिलं नवं पान पूर्ण उघडेपर्यंत तुकड्यांना कुठलंही खत देऊ नका.